दगडाचं वजन

तिगावात सिनेमा कायम पाहुणा म्हणून येतो. कधी नागपूरकडून मराठी बोलत, कधी मुंबईकडून हिंदी बोलत, आणि गेली काही वर्षं दक्षिणेतून, हिंदी आवाज लावून. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा-सौंसरचा हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि पडद्यावर मिळेल ती भाषा, अशी आमची सवय आहे. २०२३च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. पाट्या बदलल्या, पण सवय तीच राहिली.

डब केलेले सिनेमे पाहत वाढलेल्या माणसाचे डोळे वेगळ्या तऱ्हेनं तयार होतात. ओठ एक बोलतात, कानावर दुसरंच पडतं. मग ओठांकडं बघणं आपोआप सुटतं. 'पुष्पा'त अल्लू अर्जुनच्या तोंडून हिंदीत जो आवाज येतो तो आपल्या श्रेयस तळपदेचा, 'बाहुबली'तल्या प्रभासचा हिंदी आवाज शरद केळकरचा. दोघांनी जीव ओतून काम केलंय. तरी पडद्यावरचं तोंड आणि आवाज यांच्यात एक बारीक फट राहतेच, आणि त्या फटीमुळं मी हात पाहायला लागले, पाय पाहायला लागले. माणूस दुसऱ्याच्या घरात शिरताना चप्पल कुठं काढतो, ताट पुढ्यात आल्यावर आधी कुणाकडं बघतो, बसायला सांगितलं तर कडेला टेकतो की ऐसपैस बसतो. चांगल्या दिग्दर्शकाच्या सिनेमाचा आवाज बंद केला तरी गोष्ट चालू राहते. हलक्या सिनेमाचा आवाज बंद केला की पडद्यावर नुसती पळापळ उरते.

देखणेपण तर आता सगळ्यांनाच साधलंय. आमच्याकडं संत्र्याच्या बागा झाडावरच विकल्या जातात. व्यापारी येतो, झाडांखालून फिरतो, एखादं फळ तोडून तळहातावर जरा तोलतो. काही फळं दिसायला टपोरी, रंगाला झकास, पण हातात घेतली की हलकी लागतात. साल सुटलेली, आत रस बेताचा. आजचे गाजलेले सिनेमे मी असेच तोलते. कॅमेरे उत्तम, उजेड उत्तम, संगणकावर उभी केलेली नगरंही उत्तम. हातात घेतल्यावर काय लागतं, एवढंच बघायचं राहतं.

चित्राला वजन कशानं येतं, हे मला पांढुर्ण्याच्या जाम नदीकाठी उमगलं.

पोळ्याच्या करीला तिथं गोटमार असते. सावरगावचे लोक पळसाचं झाड आणून नदीच्या मधोमध रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. मग दिवसभर दोन्ही काठांवरून दगड. पांढुर्ण्याकडचे लोक ते झाड तोडून झेंडा आणायला बघतात, सावरगावकर त्यांना अडवतात, आणि शेवटी झेंडा चंडीमातेच्या मंदिरात पोचतो. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात. आजवर जीवही गेलेत. दगडांच्या जागी रबराचे चेंडू वाटून पाहिले, बंदोबस्त लावून पाहिला; दगड थांबले नाहीत.

हल्ली गोटमारीचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. ड्रोननं वरून घेतलेले, मागं ढोलांचं संगीत, मध्येच हालचाल मंद केलेली. वरून पाहिलं की नदी एक चकाकती पट्टी दिसते, माणसं ठिपक्यांएवढी, आणि दगड तर दिसतच नाहीत. सगळं फार सुंदर दिसतं, आणि मला तर ते पाहवत नाही.

आम्ही बायकाही गोटमार वरूनच बघतो, नदीजवळच्या घरांच्या गच्च्यांवरून. पण गच्चीवरच्या जवळजवळ प्रत्येक बाईचं कुणी ना कुणी त्या गर्दीत असतं. माझ्या शेजारी उभी असलेली एक वयस्कर बाई दोन्ही हातांनी कठडा धरून होती आणि दर थोड्या वेळानं मला विचारत होती, "निया शर्ट दिसते का वो तुले?" तिचा नातू खाली होता. तिची नजर दगडांवर नव्हती, झेंड्यावरही नव्हती. हजारोंच्या गर्दीत ती एक शर्ट धरून होती. तो शर्ट वाकला की तिचे खांदे वाकत, तो दिसेनासा झाला की ती श्वास घ्यायची थांबे. तिच्यासोबत मीही तो शर्ट शोधू लागले आणि तेव्हापासून प्रत्येक सुटलेला दगड मला जड वाटू लागला. दगड कुणाला लागणार आहे हे ठाऊक असलं की त्याला वजन येतं. ठाऊक नसलं तर हजार दगड उडाले तरी ती धूळच.

सिनेमा पाहताना मी हाच शर्ट शोधते.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'च्या शेवटावर पुष्कळ लिहून झालंय. २०१४च्या फेब्रुवारीत तो आला. त्यातला शाळकरी पोरगा जब्या दगड उचलतो, फेकतो, दगड थेट आपल्या अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. पण दगडांच्या मुलखातून पाहणाऱ्या माझ्यासारखीला त्या दगडाहून मोठी वाटते ती त्याआधीची सगळी तयारी. डुकरं धरण्याचा तो लांबलचक प्रसंग आठवा. शाळेच्या आसपास जब्याचं घर डुकरामागं धावतंय, आणि जब्या आडोशाला लपतोय, कारण शाळेतली पोरं बघतील, त्याला आवडणारी शालू बघेल. सुरुवातीला कॅमेरा त्याच्यासोबत लपतो. त्याच्या डोळ्यांनी आपण बाहेर बघतो. मग बाप त्याला ओढून बाहेर काढतो, आणि हळूहळू, कुठलाही झटका न देता, कॅमेरा बघ्यांच्या बाजूला सरकतो. लोक मॅच बघावी तसे बसलेत, मोबाइलवर फोटो काढतायत, हसतायत. आपणही त्यांच्याच रांगेतून बघतोय हे आपल्याला कळत नाही. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, जब्या थांबतो, घरचेही जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर मात्र थांबत नाही. पुढं बांबूला डुक्कर लटकवून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, गाडगेबाबा रंगवलेले दिसतात. गाडगेबाबा तर आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. दिग्दर्शक तिथं थांबून बोट दाखवत नाही. भिंत आपली मागं आहे, माणसं आपली पुढून जातायत. एका साध्या आडव्या चौकटीत शंभर-दीडशे वर्षांचा हिशेब मांडून तो पुढं निघून जातो.

म्हणून तो शेवटचा दगड लागतो. तोवर आपल्याला बघ्यांच्या रांगेत बसवून झालेलं असतं. दगड योग्य ठिकाणी येतो. पडद्यातून प्रेक्षकाच्या अंगावर वस्तू फेकणं ही सिनेमाची फार जुनी हौस. त्रिमितीच्या चष्म्यांतून आपण भाले, पक्षी, काचा सगळं अंगावर घेऊन झालोय. त्यातलं एकही लागलं नाही. 'फँड्री'चा लागतो.

त्याच दिग्दर्शकाच्या 'सैराट'कडं मी पुन्हा पुन्हा जाते ते वेगळ्या कारणासाठी. २९ एप्रिल २०१६ ला तो आला आणि आमच्या गावातल्या पोरांनी त्याची गाणी इतकी वाजवली की रेल्वेच्या भोंग्यासारखी ती दिनक्रमात जाऊन बसली. मंदगती चित्रणाला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. हल्लीचे सिनेमे पाहता त्यात तथ्यही आहे. नायक गाडीतून उतरतो, मंद. चष्मा काढतो, मंद. धूळ उडते, तीही मंद. पण 'सैराट'चा पहिला अर्धा भाग पाहा. विहिरीकडं धावत सुटलेला परश्या, मागं अजय-अतुल यांचा तो भरगच्च वाद्यवृंद, उन्हात न्हालेली केळीची बाग. वेळ लांबतो, कारण त्या वयात तो तसाच लांबतो. ती गती परश्याच्या अंगातली आहे. आणि मग परश्या आणि आर्ची हैदराबादला पळून जातात, तशी दिग्दर्शक आणि छायाचित्रकार सुधाकर रेड्डी यक्कंटी दिलेलं सगळं परत घेतात. गाणी थांबतात, गती साधी होते, कॅमेरा हातात येऊन झोपडीच्या अरुंद जागेत धडपडतो. रंगसुद्धा विटतात. ही गोष्ट सांगायला पात्रांना एक वाक्यही खर्चावं लागत नाही. स्वप्न संपल्याचं आपल्या डोळ्यांना आधी कळतं, मनाला नंतर.

शेवट तर सगळ्यांना पाठ आहे. माहेरचे लोक येतात, आईनं पाठवलेल्या वस्तू देतात, आर्ची चहा ठेवते. मूल शेजारणीकडं आहे. ते परत येतं तेव्हा काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मारणं आपल्याला दाखवलेलं नाही. मूल रडतं, त्याचा आवाजही आपल्याला ऐकू येत नाही. ते दाराबाहेर चालू लागतं आणि फरशीवर लहान लहान रक्ताळलेली पावलं उमटत जातात. एवढंच.

दोन वर्षांनी याच गोष्टीचा हिंदी 'धडक' आला. उदयपूरचे महाल, तलाव, सगळं नेत्रसुखद. तिथं शेवटी नवरा आणि मूल इमारतीवरून खाली फेकले जातात आणि बायको ते बघते. आपणही बघतो. घटना अधिक भयंकर, दाखवलीही अधिक, आणि तरी ती छातीवर बसत नाही. मी यावर खूप विचार केलाय. 'धडक'नं मूळ गोष्टीतली जात पातळ केली. कोण कुणाला का मारतंय, हेच धूसर झालं, मग दगड कुठून आला आणि कुणाला लागायचा होता ते कळेना. चित्रणात काही उणं नव्हतं. गोष्टीतून हाड काढलं की चित्र कितीही सजवा, ते उभं राहत नाही.

गोटमारीची दंतकथाही पळून गेलेल्या जोडप्याचीच आहे. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, दोघं पळून जाताना नदीच्या मध्यावर अडकले आणि दोन्ही काठांनी दगड सुरू झाले. कुणी म्हणतात भोसल्यांच्या फौजेच्या सरावातून हा प्रकार आला. पण लोकांच्या तोंडी प्रेमाचीच गोष्ट आहे. ती सांगताना सगळे काठावरून सांगतात. इकडच्यांनी काय केलं, तिकडच्यांनी काय केलं. पाण्यात उभ्या असलेल्या त्या मुलीला काय दिसत होतं, हे मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तिच्या एका काठाला बाप-भाऊ आहेत, दुसऱ्या काठाला अजून न पाहिलेलं सासर, आणि दगड दोन्हीकडून येतायत. मंजुळे यांनी आर्चीला बुलेट दिली, ट्रॅक्टर दिला, हातात बंदूक दिली, आणि पुढं बाटल्यांच्या कारखान्यात कामालाही धाडलं. गोष्ट तिच्या पायांनी चालवली. म्हणून आमच्या भागातल्या मुलींना तो सिनेमा आपला वाटला.

भव्य सिनेमाला माझा विरोध नाही, हे इथं सांगायला हवं. राजामौळी यांचा 'आरआरआर' २०२२च्या मार्चमध्ये आला. त्यातला पुलाचा प्रसंग मला आजच्या भव्य सिनेमातला आदर्श वाटतो. नदीत आग, आगीत अडकलेला पोरगा, एकमेकांना न ओळखणारे दोन पुरुष. नुसत्या हातवाऱ्यांनी बेत ठरतो, एक घोड्यावर, एक मोटारसायकलवर, मध्ये दोर. पुलाखाली ते झोके घेतात, पोरगा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो, झेंड्याचं ओलं कापड अंगाभोवती गुंडाळून एक जण ज्वाळांतून पार होतो, आणि मग दोन हात एकमेकांना घट्ट धरतात. खरं तर यातलं काहीही शक्य नाही. पण प्रत्येक वस्तू आधी दाखवून मग वापरली आहे, प्रत्येक क्षणी त्या पोराची जागा आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे निळा शर्ट एकदाही हरवत नाही. शिवाय आग आणि पाणी ही त्या दोघांची ओळख पुढं अख्खा सिनेमा वाहून नेते. नदी, दोन बाजू, मध्ये झेंडा; जाम नदीकाठच्या बाईला तो प्रसंग परका कसा वाटेल?

'छावा'बद्दल लिहिताना मन जड होतं, कारण विषय शंभूराजांचा आहे. १४ फेब्रुवारी २०२५ ला लक्ष्मण उतेकर यांचा हा सिनेमा आला, आमच्या राज्यानं तो करमुक्त केला, आणि मराठी-हिंदी सगळी माणसं मिळून बघायला गेली. परतणाऱ्यांचे डोळे लाल होते. विकी कौशलनं अंग झिजवून काम केलंय यात शंका नाही. तरी कारागिरीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. पहिल्या भागात लढाईमागून लढाई येते. एकीत कोण काय गमावतो हे कळण्याआधी दुसरी सुरू. तलवारी मंद फिरतात, संगीत मोठ्यानं सांगतं की आता अभिमान वाटू द्या. येसूबाईंच्या वाट्याला ओवाळणं आणि वाट बघणं आलं. राज्यकारभार सांभाळलेल्या, पुढं इतकी वर्षं मोगलांच्या कैदेत काढलेल्या बाईला एवढंसं? शेवटचे हाल इतके लांब आणि इतके जवळून दाखवलेत की माझ्या शेजारच्या काकूंनी सांगून टाकलं, "म्या तं डोये मिटून घेतले वो." बलिदानाच्या क्षणी प्रेक्षकानं डोळे मिटावेत, हे दिग्दर्शकाला हवं होतं का? मुलाच्या पावलांकडं बघताना 'सैराट'मध्ये कुणी डोळे मिटले नव्हते.

त्याच 'छावा'त दोन जागा अस्सल आहेत. एक अक्षय खन्नाचा औरंगजेब. तो जवळजवळ हलत नाही. मुकुट उतरवून ठेवतो आणि शंभूराजे हाती लागेपर्यंत तो न घालण्याचा पण करतो, तेव्हा आवाजही चढवत नाही. म्हाताऱ्या शरीरातला हट्ट नुसत्या पापण्यांत दिसतो. दुसरी जागा, साखळदंडात जखडलेले शंभूराजे आणि कवी कलश एकमेकांना शब्द देतात ती. तिथं तलवार नाही, धूळ नाही. दोन मित्र आहेत, आणि दोघांचाही शेवट आपल्याला ठाऊक आहे. मला तो अख्खा सिनेमा त्या एका प्रसंगासाठी पुन्हा पाहायला आवडेल.

सिनेमाची ताकद किती, याचा दाखला त्यानंतर महिन्याभरात आमच्याच राज्यात मिळाला. 'छावा'च्या सुरुवातीला बुऱ्हाणपूरवरचा हल्ला आहे. मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं खणू लागले. रस्त्याच्या कामातल्या मातीत नाणी सापडल्याची अफवा होती, त्यात पडद्यावर मोगलांचा खजिना नुकताच पाहिलेला. शेवटी पोलिसांना बंदोबस्त करावा लागला. मला त्या लोकांचा राग आला नाही. पडद्यानं त्यांना सोनं दाखवलं. ते सोनं कुणाच्या घामाचं, कुणाच्या रक्ताचं, ते नीट दाखवलं असतं तर कुदळ उचलताना हात थोडा थबकला असता, असं मला वाटतं. सोन्याची नाणी 'तुंबाड'मध्येही आहेत. राही बर्वे यांचा तो सिनेमा २०१८ साली आला तेव्हा फारसा चालला नाही, २०२४च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा लोकांनी गर्दी केली. तिथं विनायक मूठभर नाणी आणतो, पिठाची बाहुली फेकून, जीव मुठीत धरून, आणि सावकाराच्या हातात पडणाऱ्या प्रत्येक नाण्याचा आवाज ऐकताना त्याची किंमत आपल्याला कळते. पंकज कुमार यांनी टिपलेला त्यातला पाऊस खराखुरा आहे, त्यासाठी पावसाळ्यामागून पावसाळे थांबून काम केलंय, आणि तो ओलावा पडद्यावरून अंगात शिरतो. 'तुंबाड' पाहून कुणी शेत खणायला निघालं नाही.

आमच्या भागाशी सगळ्यात जवळचा वाटला तो किरण राव यांचा 'लापता लेडीज'. मार्च २०२४. सीहोर जिल्ह्यात चित्रण, म्हणजे आमच्याच राज्यातलं. पण जवळीक त्यामुळं नाही, आगगाडीमुळं. तिगाव नागपूर-इटारसी मार्गावरचं स्टेशन. पुढं चिचोंड्याकडं घाट लागतो, गाड्या रात्री धापा टाकत चढतात, तो आवाज ऐकत आम्ही झोपतो. लग्नसराईत डब्याडब्यांतून घुंघटातल्या नव्या नवऱ्या बसलेल्या मी पाहिल्यात. सिनेमात सारख्याच लाल साड्या, सारखेच घुंघट, झोपाळू डबा, आणि अंधारात नवरा दीपक दुसऱ्याच मुलीला घेऊन उतरतो. ही चूक घडण्यासाठी लेखिकेला कुणालाही मूर्ख किंवा दुष्ट करावं लागलेलं नाही. कापडाचा एक तुकडाच सगळं घडवून आणतो. नंतर दीपक बायकोचा शोध घेत फोटो दाखवत फिरतो, फोटोत घुंघटच. लोक हसतात, मीही हसले. हसता हसता लक्षात येतं की या मुलीकडं तिच्या माणसांनी नीट पाहिलेलंच नाही. हसू घशात अडकतं, आणि तेही त्या एका फोटोमुळं. तिकडं त्याची खरी बायको, फूल, एका स्टेशनवर बसलीय, सासरच्या गावाचं नाव धड ठाऊक नाही, एका फुलाचं नाव आहे एवढंच आठवतं.

त्या फलाटावर मंजू माईची चहाची टपरी आहे, आणि मंजू माई म्हणजे छाया कदम. 'फँड्री'त ही जब्याची आई होती, 'सैराट'मध्ये हैदराबादला आर्ची-परश्याला आसरा देणारी अक्का, आणि पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये, ज्याला २०२४ साली कानमध्ये ग्रां प्री मिळालं, घर सोडून रत्नागिरीकडं परतणारी पार्वती. चार सिनेमे पाठोपाठ पाहा. प्रत्येक बाई वेगळी आहे, पण काम करता करता बोलणं ही प्रत्येकीची रीत आहे. हात रिकामा ठेवून ती सहसा बोलत नाही. 'लापता लेडीज'मध्ये मंजू माईच्या तोंडी घातलेली काही वाक्यं लेखिकेची वाटतात, फार घोटीव, टाळ्यांसाठी कापलेली. शेवटही जरा जास्तच गोड. पण फूलनं केलेल्या कलाकंदाचे पैसे माई तिच्या हातावर ठेवते, तेव्हा ती मुलगी त्या नोटांकडं जे बघते त्याला तोड नाही. पहिल्या कमाईचं वजन तळहाताला कसं लागतं, हे ज्या बायकांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

भाषेचं एक सांगते. 'झुंड' आला तेव्हा नागपूरच्या वस्तीतली बोली, ती 'बे'वाली, अर्धी हिंदी अर्धी मराठी, अमिताभ बच्चनच्या शेजारी उभी राहून बोलली. सुधाकर रेड्डी यक्कंटींच्या 'नाळ'मधला चैत्या बोलला तेव्हा तर घरातलंच पोर बोलल्यासारखं वाटलं. 'नाळ'ला आणि पुढं 'नाळ भाग २'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, श्रीनिवास पोकळेला दोन्हीसाठी. त्या मुलाचं बोलणं शिकवल्यासारखं वाटत नाही. तोंड आणि आवाज यांच्यात फटच नाही. इतकी वर्षं डब केलेलं ऐकलेल्या कानांना ते काय वाटलं असेल, कल्पना करा.

तरीही आमचा हा पट्टा, राज्य हिंदी आणि बोलणं वऱ्हाडी असलेला, पडद्यावर आलेलाच नाही, किंवा आला तर गोटमारीच्या बातमीत, वरून. पांढुर्णा-सौंसरची पुष्कळ पोरंपोरी आता मोबाइलवर लहान सिनेमे करतात, मोहगाव-लोधीखेड्यातही करतात. त्यांना माझी एक विनवणी आहे. जाम नदीची ती गोष्ट तुम्ही करा, बाहेरच्या कुणाची वाट बघू नका. काठावरून करू नका. पाण्यातल्या त्या मुलीच्या खांद्याला खांदा लावून कॅमेरा उभा करा, तिला तिचा भाऊ कोणत्या दगडाआड दिसतोय ते आधी दाखवा, मग दगड सुटू द्या. तिला आपल्याच बोलीत बोलू द्या. आणि ड्रोनच्या भाड्याचे पैसे वाचवून आणखी एक दिवस नदीत उभं राहून चित्रण करा.